बुटकीचा तिसरा बहार

आमच्या गॅलरीत एक मातीची कुंडी आहे, दोन्ही तळव्यांत मावेल एवढी. खाली प्लास्टिकची हिरवी बशी. कुंडीत नुसती माती आहे. घरी येणाऱ्यांपैकी कुणीतरी हटकून विचारतं, "हिच्यात काही लावत का नाही? निदान पुदिना तरी लावा." मी म्हणते, बघू. पुदिन्यावर माझा राग नाही, सल्ले देणाऱ्यांवर आहे.

त्या कुंडीत सायक्लामेन होतं. त्यातही बुटकी जात. नेहमीच्या सायक्लामेनची फुलं चांगली मोठी असतात, हिची अंगठ्याच्या पेराएवढी. पानं गोलसर, गडद हिरवी, आणि त्यांवर चांदीच्या रंगाची पुसट नक्षी. फूल मान खाली घालून उभं, पण पाकळ्या मात्र मागे वळून वर गेलेल्या, वाऱ्याने छत्री उलटी व्हावी तशा. वास अगदी थोडा, नाक जवळ नेलं तरच. आता मी हे कौतुकाने सांगते आहे, पण घरी आणलं तेव्हा मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

आणलं माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. थोरले दीर गेल्यावर वणीचं घर बंद करून आम्ही त्यांना नाशिक रोडला आमच्याकडे घेऊन आलो. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी त्यांना अक्का म्हणायचे. लग्न झाल्यापासून आमचं फारसं सख्य नव्हतं. मी शहरातली, नोकरी करणारी. त्या सटाण्याकडच्या डाळिंबाच्या बागेत वाढलेल्या, वणीत सगळा संसार केलेल्या, आणि तोंडाने फटकळ. दिवाळीला आम्ही वणीला जायचो आणि भाऊबीज व्हायच्या आत माझं डोकं उठलेलं असायचं. त्यांचंही उठत असणार. त्यामुळे "वहिनी आता आपल्याकडेच राहतील" असं नवऱ्याने सांगितलं तेव्हा मी काही आनंदाने उडी मारली नाही. पण रोज भांडून भांडून माणूस सवयीचं होतं, आणि सवयीचं माणूस उठून गेलं की घर खायला उठतं. हे मला आता समजलं आहे, म्हणजे उपयोग नसताना.

देवळाली कॅम्पकडे जाताना एक नर्सरी लागते. त्या वर्षी जानेवारीत अक्कांना तुळशीचं रोप हवं होतं म्हणून आम्ही तिथे थांबलो. तुळस बाजूलाच राहिली. बाई एका ट्रेसमोर उकिडव्या बसल्या त्या उठायलाच तयार नाहीत. ट्रेमध्ये ही बुटकी सायक्लामेनं होती. पांढरी, गुलाबी, जांभळट.

"ही कशाची रोपं?" त्यांनी विचारलं.

"सायक्लामेन आहे, मावशी. मिनी. सीझनल आहे, मार्चपर्यंत चालतं. मग टाकून द्यायचं, पुढच्या वर्षी नवीन न्यायचं."

"टाकून द्यायचं?" अक्कांनी पानं बाजूला करून बोटाने माती चाचपली. "अरे, खाली कांदा हाय की ह्याला. कांदा जित्ता असताना टाकून द्यायचं?"

नर्सरीवाला हसला. त्याला गिऱ्हाइकांची सवय होती. अक्कांनी दोन रोपं घेतली, एक गुलाबी आणि एक पांढरं, आणि रिक्षात दोन्ही मांडीवर धरून बसल्या. त्यांना नाव काही जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी "बुटक्या" म्हणायला सुरुवात केली. मग आम्ही सगळेच तसं म्हणायला लागलो.

गुलाबी बुटकी महिन्याभरात गेली. अक्का तिला वरून पाणी घालत होत्या, बाकीच्या झाडांना घालतात तसं. कांद्याचा माथा अर्धा मातीच्या वर असतो, त्याच्या मधोमध खळगा असतो आणि तिथूनच पानं-कळ्या निघतात. त्या खळग्यात पाणी साचलं आणि कांदा कुजला. एके सकाळी सगळी पानं कुंडीच्या कडेवर आडवी पडलेली. अक्कांनी कांदा उपटून नाकाला लावला आणि म्हणाल्या, "आपणच मारली. पाणी पाजून मारली." तेव्हापासून पांढरीला त्या बशीतून पाणी द्यायच्या. बशी भरायची, कुंडीला खालून हवं तेवढं पिऊ द्यायचं आणि उरलेलं ओतून टाकायचं. सुकलेलं फूल कात्रीने कापायचं नाही, देठ बुडाशी धरून पीळ द्यायचा आणि हलका झटका. मला हे कधी नीट जमलं नाही. माझ्या हातात निम्मा देठ यायचा आणि अक्का म्हणायच्या, "नोकरीच केली बाई तू."

उन्हं तापायला लागली तशी पांढरीची पानं पिवळी पडायला लागली. मी म्हटलं, झालं, नर्सरीवाला म्हणाला तेच खरं. अक्का मात्र खूश. असं खूश झालेलं मी त्यांना दीर गेल्यावर पहिल्यांदाच पाहिलं.

"ही तर डाळिंबावाणी हाय," त्या म्हणाल्या. "ताण मागू राहिली."

डाळिंबाच्या बागेला बहार धरायचा असला की आधी पाणी तोडतात. बाग तशीच कोरडी ठेवतात. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड उघडंबोडकं होतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की बाग वाळली. मग पाणी सोडलं की एकदम फुटतं आणि फुलाने भरतं. याला ताण देणं म्हणतात. अक्कांनी लहानपणापासून हे पाहिलेलं. वडील बांधावर बसून बागेकडे बघत राहायचे, पण पाणी सोडायचे नाहीत. आई म्हणायची, "द्या की हो थोडं," आणि वडील म्हणायचे, "आता दिलं तर नुसता पाला येईल." अक्का हे सांगताना वडिलांचा आवाज काढायच्या.

तर बुटकीला ताण दिला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माठाची तिवई आहे, तिच्याखालची फरशी भर उन्हाळ्यातही गार असते. तिथे कुंडी सरकवून ठेवली. वरून पाहिलं तर मातीत अर्धवट पुरलेलं तपकिरी काहीतरी, बस. मोलकरणीने दोनदा केरात टाकायला काढली आणि दोनदा अक्कांच्या शिव्या खाल्ल्या. पाऊस आला, गेला. गणपती बसले, उठले. मग अक्कांनी माती बदलली, बशीत पाणी घातलं आणि रोज सकाळी चष्मा लावून वाकून बघायला लागल्या. नवरात्रात खळग्यात टाचणीच्या डोक्याएवढं हिरवं दिसलं. अक्कांनी आम्हा दोघांना हाका मारून बोलावलं. माझा नवरा दाढीचा फेस तसाच ठेवून आला. संक्रांतीला बुटकी फुलांनी भरली, आणलं त्याहून जास्त. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना अक्का कुंडी दाखवायच्या आणि नर्सरीवाल्याची गोष्ट सांगायच्या. प्रत्येक वेळी गोष्टीतला नर्सरीवाला जास्त मूर्ख होत जायचा.

दुसऱ्या वर्षीही तसंच. ताण, मग बहार. त्या वर्षी त्यांनी बीसुद्धा धरलं. श्रीखंडाच्या डब्यात माती भरून, बी पेरून, अंधारात ठेवून दिलं. उगवून फुलायला वर्ष-दीड वर्ष लागतं असं माझ्या मुलीने पुण्याहून फोनवर सांगितलं. अक्का म्हणाल्या, "लागू दे की. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?" बी उगवलं नाही. डबा बरेच दिवस तसाच होता.

त्याच हिवाळ्यात त्यांचे पाय सुजायला लागले. आधी वय झालं म्हणून, मग मीठ जास्त होतंय म्हणून, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या आहेत. या वयात दुसरी किडनी बसवणं शक्य नाही. डायलिसिस सुरू झालं, एक दिवसाआड. नवरा त्यांना रिक्षातून घेऊन जायचा आणि दुपारी घेऊन यायचा. घरी आल्या की त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. बरं होण्याचा प्रश्नच नव्हता. किती दिवस ढकलायचं एवढाच प्रश्न होता, आणि तो आम्ही कुणी विचारत नव्हतो.

डायलिसिसपेक्षा पाणी अवघड होतं. शरीरातून पाणी बाहेर जायची वाटच बंद, त्यामुळे आत जाईल तेवढं अंगातच साचणार. छातीत साचलं तर जीव घुसमटणार. म्हणून दिवसभरात चहा, औषध, आमटी सगळं धरून अगदी मोजकं पाणी. मोजायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी एक छोटी स्टीलची बाटली भरून त्यांच्या उशाशी ठेवायची आणि सांगायचं, "अक्का, एवढंच. संध्याकाळपर्यंत पुरवा." आधी त्या भांडल्या. मग गयावया केली. फटकळ माणसाने गयावया केलेली बघवत नाही. "दोन घोट गं. कुणाला नको सांगू." मी नाही म्हणायचे. माठावरचा पेला मी उचलून माझ्या कपाटात ठेवला. एकदा त्या मोरीत नळाला तोंड लावताना सापडल्या तेव्हा मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि काय काय बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. पूर्वीच्या अक्का असत्या तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता.

त्या दिवशी रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "मलाबी ताण दिला गं तू."

नवऱ्याला हसू आलं, मलाही आलं. अक्का नाही हसल्या. "पण माझा बहार कुठून येणार बाई," त्या म्हणाल्या, आणि ताटातली भाकरी चिवडत बसल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी धरून ठेवली होती. बुटकीचा तिसरा बहार. दुसऱ्या बहाराची फुलं सरली, पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा खुर्चीत बसून त्यांनी माझ्याकडून कुंडी तिवईखाली ठेववली. "ह्या वेळचं फूल बघते," त्या म्हणाल्या. "मग भाऊजींना सांग, ते मशीन बंद करा. मग मला काय करायचं ते करू द्या." मी म्हटलं, असं बोलू नका. पण खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. काहीतरी ठरलेलं असावं, त्याच्या पुढे बघता यावं. संक्रांतीपर्यंत. फूल येईपर्यंत. मी मनातल्या मनात त्या वाळक्या कांद्याच्या भरवशावर दिवस काढत होते. शिकलेली बाई मी.

तो उन्हाळा नाशिकला फार वाईट गेला. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. अक्कांच्या ओठांना चिरा पडल्या. मी त्यांना बर्फाचा छोटा खडा चघळायला द्यायचे, लिंबाची फोड द्यायचे, खडीसाखर द्यायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांनी हट्टाने थोरल्या दिरांची घागर भरायला लावली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरून पूजतात, वर खरबूज ठेवतात, आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. उन्हाळ्यात पितरांना तहान लागते म्हणून. मग ते पाणी कुठेही ओतत नाहीत, झाडाच्या मुळाशी घालतात. अक्का घागरीसमोर पाटावर बसल्या होत्या आणि तिच्यात पाणी मीच ओतत होते. "काठोकाठ भर," त्या म्हणाल्या. "तिथं कुणी मोजत नाय."  नंतर मी ते पाणी गॅलरीतल्या तुळशीला घातलं.

त्यानंतर मात्र अक्का निवळल्या. पाणी मागेनाशा झाल्या. सकाळी बाटली घ्यायच्या, संध्याकाळी रिकामी परत द्यायच्या, मध्ये हाक नाही. डायलिसिसच्या आधी वजन करतात, अंगात किती पाणी साचलं ते कळायला, आणि त्या वजनात फरक कमी दिसायला लागला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "मावशी आता शहाण्या झाल्या हं." मला तर कुणी माझीच पाठ थोपटावी तसं वाटलं. माझ्या कडकपणाचं हे फळ आहे असं मी बहिणीला फोनवर सांगितलंही. दुपारी मी थोडी आडवी व्हायचे, नवरा पेपर तोंडावर घेऊन घोरायचा, आणि अक्का स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायच्या. तिथली फरशी गार असते, त्या म्हणायच्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गणपती उठले. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच नवऱ्याने कोकोपीट आणि शेणखत आणून ठेवलं. अक्कांचा त्या आठवड्यात ताप नुकताच उतरला होता, गाल आत गेले होते. मी म्हटलं, चला, आज बुटकीला उठवायचं. त्यांना खुर्चीत बसवलं, पेपर पसरला आणि तिवईखालून कुंडी काढली. ती जड लागली. मला वाटलं, दमट हवेमुळे असेल. कुंडी उलटी करून ठोकली तर माती ओल्या गोळ्यासारखी बाहेर आली. कांद्याची वरची साल जशीच्या तशी होती. मी तिला धरायला गेले आणि अंगठा सरळ आत गेला. आत काहीच नव्हतं. काळपट लगदा, आणि नासक्या बटाट्याचा वास.

मी नवऱ्यावर घसरले. दुसरं कोण असणार? माझा नवरा पाण्याच्या बाबतीत भलताच उदार. गॅलरीत पाइप घेऊन उभा राहिला की खालच्या मजल्यावरच्यांची वाळवणं भिजतात. निवडुंगाला रोज पाणी घालून त्याने तीन निवडुंग मारले आहेत. मी तोंडाला येईल ते बोलले. एवढं एकच तर त्या मागत होत्या, तुम्हाला तेवढंही सांभाळता आलं नाही, तुमच्या पाइपाला आग लागो. तो बिचारा दारात उभा राहून म्हणत होता, "अगं मी हात लावला नाही, देवाशपथ," आणि ते ऐकून मी आणखीनच चिडत होते.

"त्यांना नको बोलू," अक्का म्हणाल्या. "मी घातलंय."

मला वाटलं त्या दिराला पाठीशी घालताहेत. "तुम्ही कशाला घालाल? तुम्हाला माहीत आहे ना काय होतं ते."

"माहीत हाय म्हणून तर सांगू राहिले. रोज घातलंय. दुपारी. माझ्या बाटलीतलं."

मी खाली बसले. पेपरवर तो लगदा तसाच होता. अक्का माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होत्या. रडत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांतलंही पाणी आटलं होतं बहुतेक.

"दुपारी लय सुकायचं गं," त्या म्हणाल्या. "जीभ टाळूला चिकटायची. बाटली हातात घ्यायची आणि हे खाली दिसायचं, तिवईखाली. वर माठ पाण्यानं भरलेला आणि त्याच्या अंगाला थेंब नाय. तू मला नाय म्हणायची, तुझं बरोबर होतं, डॉक्टरनं सांगितलेलं. पण मला नाय म्हणता येईना बाई. एक घोट मी घ्यायची आणि बाकी त्याला."

"पण अक्का, बहार?" मी म्हटलं. "तुम्हाला बघायचा होता ना?"

"बहार आपल्याला पाहिजे असतो," त्या म्हणाल्या. "झाडाला नुसतं पाणी पाहिजे असतं. हे माझ्या बापाला कधी कळलं नाय. मलाबी आत्ता कळलं."

मला त्यांचा राग आला होता. अगदी खरा, अंगाची लाही करणारा राग. इतके दिवस मी त्यांच्यासाठी ज्या फुलाकडे डोळे लावून बसले होते ते त्यांनी स्वतःच्या हाताने कुजवलं, आणि वर स्वतःच्या वाट्याचं पाणीही घालवलं. आणि त्याच वेळी मला असं वाटत होतं की उठावं, माठात तांब्या बुडवावा आणि त्यांच्या तोंडाला लावावा. मी दोन्ही केलं नाही. पेपर गुंडाळला, माती कुंडीत परत भरली आणि हात धुतले. नंतर दिवसभर मी हाताचा वास घेत होते.

त्यानंतर अक्कांनी कशाचीच वाट पाहिली नाही. मशीनवर न्यायचं तर न्या, नाही तर नका नेऊ. नवऱ्याला फार लागलं होतं. थंडी पडल्यावर तो गुपचूप कॅम्पच्या रस्त्यावरच्या त्याच नर्सरीत जाऊन नवीन बुटकी घेऊन आला. पांढरीच, भरपूर फुललेली. त्यांच्या पलंगाजवळ स्टुलावर ठेवली. अक्कांनी मान वळवून पाहिलं. "चांगलीय," त्या म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही जेवले का?" नवरा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ उभा राहिला. मी या वेळी पाण्यावरून काही बोलले नाही.

पौषात त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. छातीत पाणी झालं होतं. आम्ही दोघं आळीपाळीने थांबायचो. शेवटी शेवटी त्यांना मी ओळखू येईनाशी झाले. वणीची भाषाही गेली आणि थेट माहेरची अहिराणी तोंडात आली, जी मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकली नव्हती. डोळे मिटलेले, हात पलंगाच्या कठड्यावर, आणि लहान मुलीसारखं एकच, "माले पानी दे वं माय. माले पानी दे." मी सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणाल्या, तोंडाने काही द्यायचं नाही, हवं तर कापूस ओला करून ओठांना लावा. मी कापसाचा बोळा भिजवला, पिळला आणि ओठांना लावला. अक्कांनी तो बोळा ओठांत पकडला आणि चोखायला लागल्या. मी सोडवायला गेले तर सोडेनात. मी कुणाची कोण, आणि त्या मला माय म्हणत होत्या, आणि मी त्यांच्या तोंडातून ओला कापूस ओढत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. संक्रांत व्हायची होती.

नवऱ्याने आणलेली बुटकी फाल्गुनापर्यंत फुलत राहिली. मग पानं पिवळी पडायला लागली. नवरा एकदा म्हणाला, "हिला आता तिवईखाली ठेवायचं ना?"  दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या घंटागाडीचं गाणं ऐकू आलं तेव्हा मी ती प्लास्टिकच्या कुंडीसकट खाली नेऊन दिली. कांदा जिवंत होता. मी बोटाने दाबून पाहिलं होतं, टणक होता. पण मला आता कुणाला तहानलेलं ठेवायचं नव्हतं, आणि कुणाला पाणी पाजून मारायचंही नव्हतं. दुसरं काही मला येत नाही.

मग आखाजी आली. पहिल्या वर्षाची घागर चुकवत नाहीत. मी बाजारातून दोन घागरी आणल्या, एक थोरल्या दिरांची, एक अक्कांची. खरबुजं आणली, आमरस केला, पुरण घातलं. दिरांची घागर नवऱ्याने भरली. अक्कांची मी भरली. तांब्यामागून तांब्या ओतत गेले. नवरा म्हणाला, "अगं पुरे, सांडतंय." पाटावर पाणी आलं, पाटाखालून फरशीवर आलं, माझी साडी भिजली, तरी मी ओतत होते. मी आयुष्यात त्यांना भरभरून दिलेलं हे पहिलंच पाणी.

नैवेद्य झाला. संध्याकाळी पाणी झाडाला घालायचं म्हणून मी घागर उचलून गॅलरीत गेले. दिरांचं पाणी नवऱ्याने तुळशीला घातलं. मला तुळशीला घालवेना. शेजारी ती मातीची कुंडी होती, कोरडी, भेगा पडलेली. मी घागर तिरकी केली. वरून घातलं, अगदी मधोमध, जिथे घालायचं नसतं तिथे. मातीने बुडबुडे सोडले. पाणी आत गेलं आणि थोड्या वेळाने खालून निघून बशीत आलं.

बशी भरली. मी तिथेच उंबऱ्यावर बसून राहिले. अक्का सांगायच्या तसं, खालून हवं तेवढं पिऊ द्यायचं आणि उरलेलं ओतून टाकायचं. अंधार पडेपर्यंत बशीतलं पाणी होतं तेवढंच होतं.